गावाने पाठवलाय का, एवढं विचार

प्रिय पोरी,

रविवारी तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, "काका, राहिलो तर शिव्या, निघालो तर मुडदे, मग मी तिथे जाऊन नेमकं करू काय?" मी काहीतरी थातुरमातुर बोललो, चहा निवतोय घे वगैरे, आणि तू लॅम रोडवर रिक्षा पकडून गेलीस. चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहायला बसलोय. फोनवर नको, फोनवर मी मधेच चिडतो.

तू हुशार आहेस, तुला जमेल, असलं काही मी लिहिणार नाही. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत तुझं दीक्षान्त संचलन झालं तेव्हा तुझ्या बाबांच्या शेजारी मीच बसलो होतो, तू काय आहेस ते मला माहितीये. ज्या देशात चाललीयेस त्याचं नावही लिहीत नाही. परक्या फौजेने बरीच वर्षं चालवलेली ठाणी आता तिथल्या लोकांच्या ताब्यात द्यायची आणि तुम्ही शेजारी बसून सल्ला द्यायचा, काम एवढंच आहे. ऐकायला एवढंच.

तुझा तो तक्ता मी नीट बघितला. हिरवे पिवळे लाल चौकोन. गाड्या किती, वायरलेस सेट किती, ट्रेनिंगचे दिवस किती, किती जणांनी फायरिंग केलं, ठाण्याला कंपाउंड आहे का. सगळं आहे त्यात, अगदी जनरेटरच्या डिझेलपर्यंत. फक्त हा जो शिपाई तू हिरव्या चौकोनात बसवलायस तो कुठल्या गावचा, त्याला कोणी पाठवलं, त्याची आई काय म्हणाली, ह्याला एकही रकाना नाही. आणि मग तू मला विचारतेस की अठरा महिने पुरतील का. अगं, अठरा महिने का अठरा वर्षं हा प्रश्नच नंतरचा आहे. बंदूक हातात देण्याआधी एकच विचारायचं असतं, ह्याला गावाने पाठवलाय का? मी हे ह्या पत्रात दहा वेळा लिहीन, कंटाळू नकोस.

आता मी हे कुठून शिकलो ते सांगतो, जे तुझ्या बाबांनाही मी नीट कधी सांगितलेलं नाही.

१९८९ साली मी सव्वीस वर्षांचा कॅप्टन होतो, श्रीलंकेत, आपल्या शांतिसेनेत म्हणजे आयपीकेएफमध्ये, पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआच्या बाजूला. तू पुस्तकात वाचलं असशील, जुलै १९८७ मध्ये राजीव गांधी आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपण शांतता राखायला म्हणून गेलो आणि ऑक्टोबरात आपलीच एलटीटीईशी, म्हणजे तमिळ वाघांशी, लढाई जुंपली. जिवंत परत न आलेले आपले जवान अकराशेच्या वर आहेत. १९८८ च्या नोव्हेंबरात निवडणूक होऊन उत्तर-पूर्व प्रांताचं सरकार आलं, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री, त्रिंकोमालीत बसायचे. मग नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा आले आणि जून १९८९ मध्ये त्यांनी जाहीर सांगून टाकलं की जुलैअखेर निघा. आता आपण निघालो की त्या प्रांतिक सरकारला सांभाळणार कोण? म्हणून घाईघाईत फौज उभी करायला घेतली, तमिळ नॅशनल आर्मी. स्थानिकांच्या हाती सुरक्षा, ऐकायला किती बरं वाटतं बघ.

ती पोरं कशी गोळा झाली ते आता इतिहासात नोंदलेलं आहे. शाळेच्या रस्त्यावरून, क्लासहून घरी येताना, बसमधून उतरवून. माझ्याकडे एक दिवस ट्रक आला आणि त्यातून अडतीस पोरं उतरली. त्यांना सहा आठवड्यांत शिकवायचं होतं. माझ्याकडे एक वही होती, त्यात चार रकाने आखलेले, नंबर, नाव, वय, रायफल नंबर. वय सगळ्यांचं अठरा लिहिलं, कारण ते स्वतः अठरा सांगायचे आणि सांगताना ट्रकसोबत आलेल्या माणसाकडे बघायचे. मला ते दिसलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, की मला दिसलं होतं.

त्यातला एक, मी त्याला नुसतं तंबी म्हणायचो, तिकडे धाकट्या भावाला म्हणतात. रायफलचा दस्ता त्याच्या खांद्यात बसायचाच नाही, खांद्याला मांसच नव्हतं, प्रत्येक राउंडला घसरून दंडावर आदळायचा. दंड काळानिळा झाला तर त्याने रुमालाची घडी करून शर्टाच्या आत ठेवली, आणि ती घडी पडू नये म्हणून मान वाकडी करून उभा राहायचा, मी ओरडायचो मान सरळ. बूट दोन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं. संध्याकाळी बूट काढला की तो कागदाचा ओला लगदा बाहेर काढून उन्हात ठेवायचा आणि सकाळी परत तोच कोंबायचा. त्याची आई रोज गेटवर यायची. ताडाच्या झाडाखाली उभी राहायची, केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी पहाऱ्यावरच्या जवानाकडे द्यायची आणि काही न बोलता जायची. सहा आठवडे रोज. रडली नाही, भांडली नाही, एकदाही आत ये म्हटलं तर आली नाही. पोराला तिने पाठवलं नव्हतं, गावानेही नव्हतं, आणि ते सांगायला ती रोज येत होती असं मला आता वाटतं. तेव्हा मला वाटायचं डबा द्यायला येते.

वर्षाच्या शेवटी आम्ही तो कॅम्प सोडला. हँडिंग-टेकिंग ओव्हर दोन दिवस चाललं. खुर्च्या, जेरीकॅन, तंबूचे बांबू, पाण्याची टाकी, रायफली, काडतुसं, प्रत्येक वस्तूचं व्हाउचर, प्रत्येकावर सही. माझी सही त्या सगळ्या कागदांवर आहे. तुझ्या तक्त्यात भरलं असतं तर सगळं हिरवं आलं असतं. आणि मग एलटीटीईने त्या फौजेचे कॅम्प एकामागून एक घेतले, काही दिवसांत, कित्येक पोरं मारली गेली, कित्येकांनी रायफली टाकल्या, काही होडीने भारतात आली. १ मार्च १९९० ला पेरुमलनी प्रांतिक सभेत स्वतंत्र ईलमची, म्हणजे वेगळ्या तमिळ देशाची, घोषणा केली आणि ते देश सोडून गेले. २४ मार्चला आपली शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. माझ्या अडतीसपैकी कोणाचं काय झालं मला आजही माहीत नाही.

तू म्हणशील काका तुमच्या हातात काय होतं. हो, काय होतं? मी कॅप्टन होतो, हुकूम होता, नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या कोणी शिकवलं असतं आणि कदाचित वाईट शिकवलं असतं, मी निदान त्यांना कव्हर घ्यायला तरी नीट शिकवलं. आणि सगळेच गेले असंही नाही, चौघांना मी डॉक्टरला सांगून अनफिट करवून घरी पाठवलं, सपाट तळवे म्हणून, चौघांनाही सपाट तळवे, डॉक्टरने वर न बघता सही केली. चार कमी आहेत का? मला कोणी सांगू नये की मी काहीच केलं नाही. पण तंबीला मी पाठवलं नाही, कारण तो नेम चांगला धरायला लागला होता. असं आहे ते. जाऊ दे, आता पुढचं ऐक.

तुला वाटतं प्रश्न वेळेचा आहे, लवकर निघालो की उशिरा. मला नाही पटत. ढाक्यातून आपण तीन महिन्यांत निघालो. १६ डिसेंबर १९७१ ला शरणागती आणि १२ मार्च १९७२ ला निरोपाची परेड. त्रिंकोमालीतून पावणेतीन वर्षांनी निघालो. मग लवकर निघालेलं कसं निभावलं? कारण तिथे माणूस त्यांचा होता. त्यांचे नेते शेख मुजीब १० जानेवारीला परत आले, आणि २४ जानेवारीला टांगाईलमध्ये कादर सिद्दिकींच्या मुक्तियोद्ध्यांनी शस्त्रं खाली ठेवली ती मुजीबांसमोर. आपल्या जनरलपुढे ठेवायला सांगितली असती तर किती जणांनी ठेवली असती मला शंका आहे. ती पोरं गावांनीच पाठवलेली होती, त्यांना परत बोलवायचा हक्कही त्यांच्याच माणसाला होता. पुढे १९७५ मध्ये मुजीबांना त्यांच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी मारलं हे मला माहितीये, लगेच ते तोंडावर फेकू नकोस. ते त्यांचं त्यांच्या घरातलं दुःख होतं, त्यात आपण गेटवर उभे नव्हतो.

इराकचं तू स्वतःच बोललीस म्हणून फार लांबवत नाही. २३ मे २००३ ला अमेरिकेचे तिथले प्रशासक ब्रेमर यांनी एका हुकमाने अख्खं सैन्य बरखास्त केलं, लाखो माणसं शस्त्र चालवता येणारी आणि घरी पगार नाही अशी रस्त्यावर आली. मग नवीन सैन्य, अब्जावधी डॉलर, आणि जून २०१४ मध्ये मोसुल शहर आयसिसच्या हाती पडलं. त्याच वर्षी पंतप्रधान अबादींनी सांगितलं की पन्नास हजार सैनिक फक्त कागदावर आहेत, पगार निघतोय, माणूस नाही. त्या पन्नास हजारांना कुठल्या गावाने पाठवलं होतं? तुझ्या तक्त्यात तेही हिरवेच आले असते गं.

अफगाणिस्तानावर तू म्हणालीस की काका, तिथे तर हेच केलं होतं, गावांच्या शूरांना विचारून २०१० पासून लोकल पोलीस भरती केले, मग? हा प्रश्न चांगला होता आणि मी रविवारी टाळला. शूरा म्हणजे गावपंचायत समज. बऱ्याच ठिकाणी झालं काय, की गावाच्या नावाने तिथला कमांडर बोलला. त्याचेच पुतणे, त्याचीच पोरं, गावाने मान डोलावली कारण न डोलावून सांगतात कोणाला. म्हणजे कागदावर गावाने पाठवला आणि प्रत्यक्षात गाव त्याला घाबरून होतं. आणि नियमित सैन्यातली पोरं कुठली तर एका टोकाची, ठेवली दुसऱ्या टोकाला, पगार वेळेवर नाही, चौकीत खायला पोचत नाही. २०२१ च्या जुलैत बगरामचा तळ अमेरिकनांनी रात्रीतून सोडला, नव्या अफगाण कमांडरला सकाळी कळलं. १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती पडलं. जो शेजारी बसून वीस वर्षं शिकवत होता तो जाताना सांगूनही गेला नाही, मग त्या चौकीतल्या पोराने कोणासाठी उभं राहायचं होतं?

तर गाव म्हणजे कोण, हे कसं ओळखायचं. मला एकच रीत माहितीये आणि ती ऐकायला वाईट आहे. त्या शिपायाबद्दल विचार की उद्या हा मेला तर मयताला कोण येईल. कमांडरची माणसं येतील का त्याच्या आळीतल्या बायका येतील? हे तुला पुरुष अधिकारी सांगू शकणार नाहीत, त्यांना कोणी घरात घेणार नाही. तू बाई आहेस, तुला पाणवठ्यावर बसता येईल, स्वयंपाकघरात बसता येईल, तिथे विचार. इंटरप्रिटर बाईच घे, आणि कमांडरच्या ओळखीची घेऊ नकोस. ठाण्यात बसून कळणार नाही हे, परत सांगतो, ठाण्यात बसून कळणार नाही.

आणि हे काही परदेशातलंच नाही. तुझ्या काकूचं माहेर परभणीचं. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, मराठवाडा निजामाच्या आणि रझाकारांच्या तावडीतून सुटला, सासरे सांगायचे की लोक रस्त्यावर नाचले. ते स्वातंत्र्यच होतं, त्याला मी दुसरं काही म्हणणार नाही. पण त्यानंतर जनरल चौधुरी मिलिटरी गव्हर्नर, मग २६ जानेवारी १९५० पासून वेलोडी, आयसीएस अधिकारी, नेमलेले मुख्यमंत्री, आणि निवडून आलेलं बुरगुल रामकृष्ण रावांचं सरकार थेट १९५२ मध्ये. मधल्या काळात शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणले. सासरे कचेरीत कारकून होते, म्हणायचे दप्तर उर्दूत, लोक मराठीत रडतायत आणि साहेब इंग्रजीत विचारतोय. साहेब वाईट नव्हता, कामसू होता, पण तो कोणाचा कोणी नव्हता. १९५२ मध्ये हैदराबादेत मुल्की आंदोलन पेटलं, बाहेरच्यांनी परत जा म्हणून, पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मेले. आपल्याच देशात, आपल्याच लोकांनी, सुटका केल्यावर चार वर्षांत. मग परक्या फौजेनंतर काय होत असेल विचार कर.

सिंहस्थ तर तुमच्या खात्याचाच विषय आहे. राज्यभरातून बंदोबस्त येतो, शाळाशाळांत उतरतो, पर्वणी झाली की ट्रक भरून निघून जातो. रामकुंडावर हरवलेलं पोर नेमकं कुठल्या आळीत पोचवायचं हे पंचवटीच्या हवालदाराला माहीत असतं, आणि पोलीस पाटील गावचाच रहिवासी असावा लागतो ते काय उगाच? तुम्ही बाहेरून आलेला बंदोबस्त आहात तिथे. हे वाईट नाही, फक्त विसरू नकोस.

बरं झालेलं उदाहरण पाहिजे म्हणालीस. पूर्व तिमोर बघ. इंडोनेशियाचा चोवीस वर्षांचा ताबा, १९९९ मध्ये युनो आली, २० मे २००२ ला स्वातंत्र्य. तिथेही घाई झाली, २००६ मध्ये सहाशेच्या आसपास सैनिकांना काढलं, पश्चिमेकडचे म्हणून आम्हाला दुजाभाव होतो अशी त्यांची तक्रार होती, सैन्य आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले. परत युनोचे पोलीस आणावे लागले. त्या मिशनचे प्रमुख पुढे आपले अतुल खरे होते. मग त्यांनी परत द्यायला घेतलं ते एकेक जिल्हा करून, १४ मे २००९ ला लाऊतेम पहिला, आणि शेवटचं २७ मार्च २०११ ला. जिल्हा तयार आहे का ते बघून दिला. तू हे वाच, नीट वाच, मला सारांश पाठवू नकोस.

आणि एक गोष्ट घरातली, रागावू नकोस. तुझ्या आजोबांनी निफाडची द्राक्षबाग बाबांच्या नावावर केली, सातबाऱ्यावर नाव चढलं, पेढे वाटले. पण गोडी छाटणीनंतर फवारणीची चिठ्ठी आजोबाच लिहायचे, दुकानदाराशी तेच बोलायचे, बँकेत तेच जायचे. ज्या वर्षी आजोबा आजारी पडले त्या वर्षी पाऊस लांबला, वेलींवर डाऊनीचा रोग आला, आणि चाळीस वर्षांचा माणूस माझ्यासमोर रडला की कुठलं औषध कधी मारायचं मला माहीत नाही. बाबा बिनडोक होते का? त्यांना कोणी चुकू दिलं नव्हतं. तू रविवारी म्हणालीस ना, "त्यांच्याकडून करवून घेण्यापेक्षा आपण केलं की अर्ध्या वेळात होतं", तेव्हा मला आजोबा आठवले. पंचनामा त्यांना लिहू दे. वाकडातिकडा लिहू दे. कोर्टात पडला तर पडू दे, त्यांच्या न्यायाधीशाचं बोलणं त्यांना खाऊ दे. पगार त्यांच्या खजिन्यातून, त्यांच्या माणसाच्या हातून निघू दे, उशीर झाला तरी. तुझ्या हातून एकदा पगार वाटलास की तो शिपाई तुझा झाला, आणि तू तर अठरा महिन्यांत नाशिकला परत येणार आहेस.

वर कोणी सांगेल मॅडम, संख्या दाखवायचीये, इतकी पोरं या महिन्यात पाहिजेत. तेव्हा कमी दाखव. चाळीसच्या जागी अकरा दाखव, लाल चौकोन दाखव, शेरा खराब झाला तर होऊ दे. तू म्हणशील सांगायला सोपं आहे, तुम्ही तरी कुठे लाल दाखवलंत. नाहीच दाखवलं. म्हणून तर सांगतोय ना! अडतीस लिहून मोकळा झालो मी, आणि पस्तीस वर्षं झाली, देवळालीत पहाटे सराव सुरू झाला, तोफांचा आवाज आला की मी उठून बसतो, काकूला वाटतं आवाजाने जाग येते.

मारणारे येतील तेव्हा काय, हा तुझा शेवटचा प्रश्न होता. येतील. गावाने पाठवलेला शिपाईही मरेल कधीकधी, मी तुला खोटं सांगणार नाही. पण तो रायफल टाकून पळणार असेल तरी पळून घरी जाईल, त्याला घर असेल, लपवणारी चार दारं असतील. माझ्या पोरांना गावात परत जायची सोय नव्हती, आम्ही दिलेला तो युनिफॉर्म घालून तर नाहीच नाही. मला सगळ्यात जास्त ते लागतं.

तुझं फ्लाइट बावीसला आहे ना, मग शनिवारी ये, बाबांनाही घेऊन ये, काकू मांडे करणारे. ती वही माझ्या ट्रंकेत आहे, मी कधी कोणाला दाखवली नाही, तुला देतो. पाणी लागून पानं चिकटलीत, सावकाश उघड. मागची वीसेक पानं कोरी आहेत, त्यांवर चारच रकाने आखलेत, तेव्हाच्या माझ्या पट्टीने. उजवीकडे थोडी जागा सुटलीये, तिथे पाचवा आखून घे, कोणी पाठवलं म्हणून, आणि तिथली पहिली नावं त्यातच लिही.

तुझा,
काका

लॅम रोड, नाशिक